मौजे जूचंद्र येथील मीठफितुरीची हकीकत

श्री चंडिका देवी समर्थ. शके एकोणीसशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सरी, पौष मासी, वसई प्रांती मौजे जूचंद्र येथे रक्तदाब नामे गनीम चालोन आला, त्याने काय काय पुंडाई केली, आणि मिठागराचे मुकादम राजमान्य राजेश्री धर्माजी भोईर यांनी त्यास कैसा आवरिला, याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर चवीपुरतेच.

धर्माजींचा लौकिक दुहेरी होता. मिठागराच्या बांधावर उभे राहोन त्यांनी एक हाक दिली की चाळीस टोपल्या एकदम उचलल्या जात, आणि हळदीच्या मांडवात बेंजो वाजू लागला की कमरेस टॉवेल आवळोन ते जे नाचत, ते पाहावयास जूचंद्रापासोन बोळिंजेपावेतो माणूस लोटत असे. वय पन्नाशीपार, मिशा बाकदार, पोट अंगाच्या अर्धा हात पुढे, तरी पाय ऐसे हलके की नवरदेव बाजूस राहून लोक मुकादमांचेच फोटो काढीत. आणि आता तर घरचेच कार्य निघाले होते. एकुलती एक कन्या उन्नतीबाई, तिचे लग्न बोळिंजेच्या जितेशरावांशी वैशाखात ठरले होते.

ऐसे असता एके दिवशी मिठाच्या गोण्या ट्रकात चढवीत असता गनिमाने पहिला छापा घातला. मुकादमांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, कानात शिट्या वाजल्या, बांध गरगर फिरला, आणि स्वारी मिठाच्या ढिगावर मटकन बसली. मजुरांस वाटले, मुकादम विचारात आहेत. मग विचार फारच लांबला तेव्हा लोकांनी त्यांस उचलोन रिक्षात घातले आणि नायगावी डॉक्टर सिप्रियन यांच्या दवाखान्यात दाखल केले.

डॉक्टर सिप्रियन हे मोठे शांत गृहस्थ, आणि रागावले की आणखीच शांत बोलत. त्यांनी मुकादमांच्या दंडास काळा पट्टा आवळिला, रबरी फुगा दाबोन दाबोन पारा चढविला, आणि आकडा सांगितला तो एकशे नव्वद वर एकशे दहा. मग फर्मान सुटले ते येणेप्रमाणे: रोज रात्रीच्या जेवणानंतर एक पांढरी गोळी, चुकवायची नाही, मीठ बंद, पापड, लोणचे, सुके बोंबील बंद, विडी बंद, सकाळी चालणे. आणि शेवटचे कलम ऐसे, की आकडा एकशे चाळीसच्या खाली न आल्यास मुकादमांनी मुलीच्या हळदीत पाय उचलू नये, खुर्चीवर बसोन टाळ्या वाजवाव्यात.

पहिली कलमे मुकादमांनी ऐकली न ऐकली केली. शेवटच्या कलमाने मात्र काळीज हलले. कारण ऐसे, की धर्माजींचे स्वतःचे लग्न महिन्यावर आले असता त्यांचे वडील याच मिठागरात, याच बांधावर, डोक्यावरील टोपलीसकट कोसळले आणि पुन्हा उठले नाहीत. मुहूर्त टळला नाही, लग्न लागले, पण हळद मुकी लागली. ना बाजा, ना नाच. नवरीच्या अंगास हळद लावताना बायका हळदीपेक्षा डोळेच अधिक पुशीत होत्या. त्या दिवसापासोन धर्माजींनी मनात धरिले होते की आपल्या लेकीच्या हळदीत बापाच्या वाटचेही नाचेन. म्हणोन परक्यांच्या मांडवात वर्षानुवर्षे जे नाचले, ती नुसती तालीम होती. आणि आता ऐन लढाईत खुर्ची!

मग मोहीम सुरू झाली. घरातोन मिठाच्या पुड्या बाहेर काढोन शेजारी वाटून टाकिल्या. पापडांचा डबा माळ्यावर कैद झाला. बोंबलांची माळ भिंतीवरोन उतरली तेव्हा मुकादमांनी तोंड फिरविले, ते बघवेना. रोज पहाटे चंडिकेच्या डोंगरावर स्वारी चढू लागली, वाटेत गावची कुत्री पिछाडीस. गोळीही न चुकता घेतली. राणीसाहेब मनोरमाबाई यांनी वरण अळणी, भाजी अळणी, भाकर अळणी असा चोख बंदोबस्त ठेविला, आणि स्वतःही तेच जेवू लागल्या. मुकादम ताटावर बसत आणि हूं की चूं न करता उठत. गावात वाहवा झाली.

आणि महिन्याने पट्टा आवळला तो आकडा एकशे सत्तरच्या वर!

डॉक्टर अतिशय शांतपणे बोलले, म्हणजे संतापले. मुकादम गरजले की हे यंत्रच फितूर आहे. घरी येता येता मनोरमाबाईंच्या मनात आले की अळणी वरणावर हा मनुष्य कुरकुरत कसा नाही. ज्याने लग्नात जिलबीलाही मीठ कमी म्हटले असते, तो गप्प? पाणी कुठेतरी मुरत होते.

दुसरे दिवशी भर दुपारी त्या कोणास न सांगता मिठागरावर चालोन गेल्या. पाहतात तो काय, मिठाच्या मोठ्या ढिगाआड मुकादम मांडी घालोन बसले आहेत, पुढे अळणी भाकरीचा डबा, हातात कैरीची फोड, आणि कमरेच्या बटव्यातोन खड्यामागोन खडा काढोन कैरीवर रगडोन मिटक्या मारणे चालले आहे. ऐसी भरदिवसा राजरोस फितुरी कोणत्याही मुलखात झाली नसेल. मुकादम जागचे हलले नाहीत. उलट बाणेदारपणे म्हणाले:

"दाक्तरानं मीठ बंद सांगितलं ता पुडीचं. कारखान्याचं. ह्या आपल्या आगराचं हाय. ह्या घरचा मानूस, याला कोन बंद करनार?"

आणि हे सोंग नव्हे, मुकादमांचा मनापासोन तसा विश्वास होता. ज्या मिठावर चार पिढ्या पोसल्या, ज्याला रोज सकाळी नमस्कार करावा, ते मीठ दगा देईल हे त्यांच्या स्वप्नीही नव्हते. मनोरमाबाई बांधावर टेकल्या. ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारिले:

"मंग तुमच्या बानं कंचं मीठ खाल्लंवतं? त्या टायमाला पुडी तरी व्हती का गावात?"

मुकादमांच्या हातची कैरी हातीच राहिली. बापाने जन्मात पुडी पाहिली नव्हती. समोर तोच बांध होता. धर्माजींनी बटवा उलटा करोन सारे खडे ढिगावर झाडले आणि डोळे पुसले. मनोरमाबाईंनी उरलेली कैरी खाडीत फेकोन दिली.

तेथोन खरी लढाई जुंपली. मिठाच्या मुकादमाने मीठ सोडिले ही खबर नायगावापावेतो गेली, आणि जो तो थट्टा करू लागला. मजूर म्हणत, मुकादम आता साखरेच्या कारखान्यात लागणार. पहिले आठ दिवस वरण घशाखाली उतरेना. मग मनोरमाबाईंनी लिंबू, लसूण, कोकम आणि हिरवी मिरची ऐसी कुमक पाठविली, तेव्हा कोठे जिभेला धीर आला. स्वारी डोंगर दोनदा चढू लागली, पोट चार बोटे मागे हटले. गनीम एकेक चौकी सोडीत मागे सरला, मध्येच एकदा उलटला, पुन्हा सरला. फाल्गुन गेला, संवत्सर पालटले, आणि हळदीच्या आदल्या दिवशी डॉक्टर सिप्रियन यांनी पट्टा आवळोन आकडा वाचला: एकशे चौतीस वर चौऱ्याऐंशी.

मुकादमांनी दवाखान्यातच एक गिरकी घेतली. मग म्हणाले, गनीम पळाला, आता गोळीची शिबंदी मोडावी. डॉक्टरांनी अत्यंत शांतपणे सांगितले, "गोळी आहे म्हणून तो पळालाय, मुकादम. बंद केलीत तर उद्या दारात उभा." मुकादम वरमले.

हळदीची संध्याकाळ. अंगणात मांडव, बाकड्यांवर अवघा गाव, उन्नतीबाई नखशिखांत पिवळ्या, आणि बेंजोने सूर धरिला मात्र, मुकादम रिंगणात उतरले. काय तो नाच! एका गाण्यावर आपल्या वाटचे नाचले, दुसऱ्यावर बापाच्या वाटचे, आणि तेव्हा डोळ्यांतोन पाणी वाहत होते व तोंड हसत होते. डॉक्टर सिप्रियन यांसही ओढोन आत घेतले, तेही शांतपणेच नाचले.

पंगत उठोन गेली, घरच्यांची जेवणे उरकली, बेंजो पुन्हा भरात आला, आणि ऐन रंगात मुकादमांनी एकाएकी हात वर केला. बाजा थांबला. मुकादमांचा हात कमरेच्या बटव्याकडे गेला. तो जुना मिठाचा बटवा! मेल्याने आजच्या दिवशी घात केला, ऐसे मनोरमाबाईंच्या ओठावर आले.

बटव्यातोन निघाली ती पांढरी गोळी. मुकादमांनी ती सर्वांदेखत जिभेवर ठेविली, तांब्याभर पाणी प्याले, आणि बाजेवाल्यांस हुकूम केला, "हां, वाजवा आता!"

स्वतःची हळद मुकी लागल्यापासोन मनोरमाबाईंनी कोणाच्या मांडवात पाऊल ठेक्यावर टाकिले नव्हते. त्यांनी पदर कमरेस खोचला, माणसांतोन वाट काढीत रिंगणात आल्या, आणि धर्माजींसमोर उभ्या राहोन नाचू लागल्या. उन्नतीबाईंनी पिवळे हात तोंडावर दाबले.

येणेप्रमाणे शके एकोणीसशे वीस, बहुधान्य संवत्सरी, वैशाख मासी मौजे जूचंद्र येथे फत्ते झाली. गनीम मेला नाही, तो मरत नसतो. त्याशी तह झाला, आणि तहाची खंडणी रोज एक गोळी व अळणी वरण ऐसी ठरली. ती आजतागायत चुकली नाही. मुहूर्ताच्या तीस वर्षे मागाहून का होईना, मनोरमाबाईंची हळद त्या दिवशी वाजली, ऐसी नोंद असे.