खिडकी क्रमांक एक

घरात माणूस आजारी पडलं की त्याच्यावर पहिला हक्क समाचाराला येणाऱ्यांचा असतो, डॉक्टरचा दुसरा.

आजोबांच्या आठ वर्षांच्या नातीला रक्ताचा कर्करोग झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध लागू पडतंय. पण अंगात प्रतिकारशक्ती उरलेली नाही. बाहेरचं कुणी येऊन शिंकलं, तर पुढचा डोस लांबेल, आणि तो लांबून चालायचं नाही."

आजोबांनी दारावर पाटी लावली : 'कृपया भेटायला येऊ नये.' पाटी वाचायला एकवीस जण आले. वाचून झाल्यावर आत आले. कडी लावली, तर मागच्या दाराने आले. "आम्ही काय बाहेरचे?" असं म्हणत एक काकू थेट नातीच्या खोलीपर्यंत पोचल्या. सून दाराला पाठ लावून उभी होती, म्हणून निभावलं.

तेव्हा आजोबांना आपली पस्तीस वर्षांची नोकरी आठवली. त्या कचेरीच्या दाराला कधी कुलूप नव्हतं, तरी पस्तीस वर्षांत साहेबांपर्यंत एकही माणूस पोचला नव्हता!

"सूनबाई, एक टेबल दे. रस्त्यावरची खिडकी आजपासून माझी."

खिडकीवर पाटी लागली : 'सल्ला स्वीकृती. खिडकी क्रमांक १. टोकन घेऊन उभे राहावे.' आणि काय सांगावं! कडीकोयंड्याला न जुमानणाऱ्या काकू सतरा नंबरचं टोकन मुठीत धरून उन्हात निमूट उभ्या राहिल्या.

"पोरीला कडू पाल्याचा रस द्या," काकू म्हणाल्या.

"पिऊन कोण बरं झालंय?"

"माझ्या नणंदेच्या शेजारणीचे मेहुणे."

"त्यांना दोन फोटो घेऊन पाठवा. आजारपणातला एक, बरं झाल्यावरचा एक."

"अहो, ते वारले!"

"मग वारल्याचा दाखला जोडा. रसानेच वारले का, तो रकाना कोरा राहिलाय. उद्या या."

संध्याकाळी आजोबा दाराच्या फटीतून अर्ज वाचून दाखवत. आत टकलावर टोपी घालून बसलेली नात निकाल देई.

"साहेब, एक जण म्हणतो, पलंगाची दिशा बदला."

"नामंजूर."

"एक म्हणतो, जळवा लावा."

"त्यालाच लावा. जेवणाची सुट्टी कधी?"

"आत्ताच झाली की, साहेब!"

"मग परत."

आठवड्यात रांग कोपऱ्यापर्यंत गेली. कोपऱ्यावर अर्ज भरून देणारे बसले. ज्यांच्याकडे सल्ला नव्हता तेही उभे राहिले. एवढी रांग आहे म्हणजे काहीतरी मिळत असणारच.

आणि एका सकाळी दवाखान्यातून फोन आला : आजच दोन पिशव्या रक्त हवं. गट कुठलाही चालेल, रक्तपेढी बदलून देते. आई-बापांनी नुकतंच दिलेलं, आजोबांचं वय उलटलेलं. पण खिडकीशी शंभर हितचिंतक उभे असताना काळजी कसली? आजोबांनी ठळक अक्षरांत लिहिलं : 'रक्तदात्यांना टोकन लागणार नाही. थेट प्रवेश.'

एखाद्या कचेरीने सगळी रांग दोन मिनिटांत निकाली काढल्याचं दुसरं उदाहरण नसेल. काकूंना गॅसवरचं दूध आठवलं. जळवावाल्यांना रक्त बघून घेरी येते म्हणे.

एकच माणूस उरला.

"मी नळवाला. सूनबाईंनी बोलावलं होतं, तीन दिवस टोकन धरून उभा आहे. रक्त द्यायचंय होय? चला. बायकोलाही बोलावतो, ती माझ्याहून तगडी आहे."

डोस वेळेवर झाला. पुढचेही झाले. काही महिन्यांनी डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या, "आता तपासणीत काही दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी रांग दुप्पट! 'पोर आमच्याच उपायाने बरी झाली' असा दाखला प्रत्येकाला हवा होता. नात आता स्वतः आजोबांशेजारी येऊन बसली. डोक्यावर चार बोटं केस आले होते.

"दाखला सगळ्यांना मिळेल," ती म्हणाली. "पण दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगा आहे, त्याला रक्त लागतं. ते आधी."

रांग पांगली. आता खिडकीशी तुम्ही एकटेच उरलात. नाही म्हणू नका, मघापासून तुमच्याही ओठांवर एक रामबाण उपाय घोळतोय. सांगा की, आजोबा लिहून घेतील.

आधी बाही तेवढी वर करा.