तात्यांच्या कम्प्युटरवरचा जून

हिंजवडीजवळच्या जांबे गावात खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालक किसनतात्यांनी मला नाव विचारलं नाही. नोकरी कुठं, लग्न झालंय का, मटण खाता का, यातलंही काही नाही. माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं बोट करून ते म्हणाले, "शीशीडी का शीमॉस?"

कॅमेऱ्यात उजेड टिपणारी जी चिप असते, त्या सेन्सरची ही दोन कुळं, हे मला तात्यांमुळं कळलं. मी माहीत नाही म्हणालो. त्यांनी माझा कॅमेरा उलटासुलटा करून बघितला आणि सुस्कारा सोडला. "शीमॉस. असू द्या. ऱ्हावा वर. पन माझ्या दारात त्यानं फोटू काढायचा न्हाई."

हिंजवडीच्या कंपन्या आल्या तेव्हा तात्यांच्या भावकीनं जमिनी विकून जीपगाड्या घेतल्या. तात्यांनी वर चार खोल्या बांधल्या आणि एक जुना सीसीडी कॅमेरा घेतला. रानात रापलेलं तोंड सीसीडीच खरं दाखवते, असं त्यांचं ठाम मत. "शीमॉसमंदी आमची मानसं पार्लरमदनं आल्यावानी दिसत्यात." अंधारात सीमॉस सरस ठरतो, असं मी कुठंतरी वाचलं होतं. शहाणपणा करून सांगायला गेलो. तात्या म्हणाले, "अंधारात फोटू कशाला काढायचा? झोपायचं."

त्यात ते फोटो काढायचे 'रॉ'मध्ये. म्हणजे कॅमेरा आपणहून रंगरंगोटी करत नाही, आला तसा उजेड फाईलमध्ये भरून ठेवतो. मग कम्प्युटरपुढं बसून उजेड, सावली, रंग सगळं हातानं जुळवायचं, तेव्हा कुठं छापण्याजोगा फोटो होतो. "भात झोडून पोत्यात भरला, म्हंजी जेवान झालं व्हय?" तात्या विचारायचे. मुद्दा बिनतोड होता. अडचण एवढीच, की तात्यांच्या घरचं जेवण कधी पानात पडतच नसे. गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या माणसांना त्यांनी दारातल्या जांभळाखाली लोखंडी खुर्चीत बसवून टिपलं होतं, आणि गेल्या चार वर्षांत फोटो एकाच्याही हाती लागला नव्हता. मागायला गेलं की उत्तर ठरलेलं. "कच्चं हाय अजून."

'तुमी कम्प्युटरवालं' म्हणून मीही या कामाला जुंपला गेलो. मी पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा माणूस, मला रंगातलं काय कळणार? एक फाईल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, आणि उघडली की वीज जायची. शिवाय तो रॉ उघडणारा प्रोग्रॅम तीस दिवसच फुकट होता. म्हणून महिना संपत आला की मी कम्प्युटरची तारीख मागं घ्यायचो. बाहेर पोळा असो की संक्रांत, तात्यांच्या कम्प्युटरवर कायम जून असे.

माझं डोकं फिरलं ते नानीमुळं. नानी म्हणजे तात्यांची चुलती हौसाबाई, ऐंशीच्या घरातली. एक डोळा मोतीबिंदूनं गेल्यातच जमा होता, दुसऱ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. ती रोज सकाळी ओट्यावर येऊन बसायची. "किसना, डाक्टर काय बी म्हनू दे, माझा भरवसा न्हाई. दिसतंय तवर माझा फोटू दाव."

"कच्चं हाय, नानी."

एका रविवारी मी म्हटलं, बास झालं. हा चेंगटपणा कुठवर बघायचा? तात्या म्हशीला पाणी दाखवायला गेले होते. मी खाली जाऊन नानीची फाईल उघडली, आणि बघतच राहिलो. तात्यांनी सगळं आधीच जुळवून ठेवलं होतं. कपाळावरचं गोंदण, नथीचा मोती, तोंडावरचं ऊन, कशालाही हात लावायची गरज नव्हती. दुसरी फाईल उघडली, तिसरी उघडली. सगळ्याच तयार. फक्त पक्का फोटो करायचं शेवटचं बटण कुठंच दाबलेलं नव्हतं.

मागं तात्या उभे होते. ओरडतील असं वाटलं, पण ते खाटेवर बसले.

"पाच वर्सांमागं, क्यामेरा घेतला त्या पयल्या वर्साला तीन फोटू पक्कं केलं, सायेब. साळूआत्याचा, गनपाचा आन आमच्या आईचा. वरीस न्हाई झालं, तिन्ही फोटूंला हार चढला." मग हळूच म्हणाले, "माझ्या हातनं पक्कं झालं की मानूस जातंय."

चार महिने मनातल्या मनात या माणसाला चेंगट म्हणत होतो, त्याची मला लाज वाटली. तेवढ्यात नानी बोलली. उंबऱ्यात येऊन तिनं सगळं ऐकलं होतं.

"आरं, साळू दम्यानं गेली. गनपा दारूनं गेला. आन तुझी आई..." ती उंबऱ्यावर टेकली. "तुझी आई त्यो फोटू पदरानं पुसपुसून आल्यागेल्याला दावायची. माझ्या किसनानं काढलाय म्हनायची. सुखानं गेली ती." मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "कुटलं बटन?"

"नगं नानी," तात्या उठलेच.

"तुझा हात नगं ना? माझा हाय की."

मी बोट दाखवलं. नानीनं पदराला हात पुसला आणि ते बटण बैलाला दामटावं तसं दाबलं.

दुसऱ्या दिवशी मी हिंजवडीतून फोटो छापून आणला. नानीनं तो नाकाशी धरून बराच वेळ बघितला. "येवड्या सुरकुत्या कवा आल्या रं?"

"शीशीडी हाय ती," तात्या म्हणाले. "खोटं न्हाई बोलत."

पण त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. ऑपरेशन नीट झालं, तरी रोज उजाडलं की ते काही तरी निमित्त काढून नानीच्या दारात जायचे. दूध आलं का, पाणी आलं का. आतून उत्तर यायचं, "जित्ती हाय रं." दसरा गेला, दिवाळी गेली. नानीनं स्वतःच्या हातानं खिळा ठोकून फोटो भिंतीवर लावला होता, बिनहाराचा.

संक्रांतीला तात्या तिळगूळ घेऊन वर आले. "सायेब, जरा खाली या. कम्प्युटरला आजची तारीक लावा."

"तात्या, प्रोग्रॅम बंद पडेल."

"पडू द्या. इकत घिऊ. भाईर मानसं बसल्यात."

मी खिडकीतून वाकून बघितलं. जांभळाखाली सहा-सात म्हातारी माणसं ओळीनं बसली होती, आणि नानी त्यांना बटण कसं दाबायचं ते शिकवत होती.