टीपॉयखालून

"टाचा टेक. लबाडी करू नकोस." दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं की आई म्हणायची. तो आवाज अजून कानात आहे, आणि त्यातून एक गंभीर सत्य निघतं : मोजायला उभं केलं की जीव खोटं वागतो. माणूस टाचा उचलतो. कुत्रा काय करतो, हे शोधून काढण्याचं थोर कार्य मात्र आमच्या इमारतीने केलं.

आमच्याकडे फक्त लहान जातीचं कुत्रं पाळता येतं. नियम निव्वळ प्रेमापोटी आहे. लहान कुत्र्यावर प्रेम करायला जागा कमी लागते, आणि लिफ्टमध्ये त्याच्यासोबत सचिवही मावतात. (सचिव मोठ्या जातीचे आहेत, पण ते नियमाच्या आधीपासून राहतात.) अडचण एकच होती : लहान म्हणजे केवढं? दुकानदार पिल्लू तळहातावर ठेवून सांगतो, "एवढंच राहणार." मग ते जेवायला लागतं.

हा पेच सोडवला अध्यक्षांनी, म्हणजे तात्यांनी. तात्या वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. हयातभर त्यांनी दुसऱ्यांचे तराजू तपासले. घरात कौतुक करताना मात्र ते स्वतःच काटा मारत, असं त्यांचा मुलगा सांगतो. तात्यांनी सभागृहातला टीपॉय उचलला, सुताराकडून त्याचे पाय आखूड करून घेतले आणि जाहीर केलं : याच्याखालून जाईल ते कुत्रं लहान. अंगाचा कुठलाही भाग (शेपूट धरून) फळीला लागला, तर ते मोठं. त्याने इमारत सोडावी. पलीकडच्या टोकाला अध्यक्षांनी जातीने उभं राहून पाहावं.

निकाल उत्साहवर्धक लागले. घरोघरी बिस्किट दाखवून सराव झाला. दातांच्या डॉक्टरांचा कुत्रा उभा राहिला की डॉक्टरांच्या खांद्यावर पंजे ठेवतो. तो पोटावर सरपटत आला, टीपॉयखालून गेला आणि लहान ठरला. तळमजल्यावरच्या काकूंचं कुत्रं पाहून मागे एका मुलाने "वासरू, वासरू" म्हणून टाळ्या पिटल्या होत्या. तेही लहान निघालं. इमारतीतल्या लहान कुत्र्यांचं प्रमाण बघता बघता शंभर टक्क्यांना टेकलं. सरपटण्याची गोडीही वाढली. काही कुत्री आता जिनासुद्धा सरपटत उतरतात, आणि त्यांचे मालक अध्यक्षांच्या दारात थोडे वाकूनच येतात. (तसा ठराव नाही.)

मग आला वाटाणा.

वाटाणा तात्यांच्या सुनेचा. बुटाच्या खोक्यात झोपतो, वर झाकण लावलं तरी तक्रार नाही. "कुत्रं सुनेचं आहे, माझा संबंध नाही," असं तात्या सगळ्यांना सांगत. रोज पहाटे त्याला फिरवून आणत, ते केवळ वळण लागावं म्हणून.

सून त्याला न्हाऊ घालताना गुणगुणायची :

*इवलं गं बी, सावली किती मोठी*
*मायेला गं बाई, पट्टी पडे छोटी*

वाटाणा ऐटीत टीपॉयखाली शिरला. समोर तात्यांचे पाय दिसले. त्यासरशी शेपूट उभी राहिली, झेंड्यासारखी, आणि फळीवर वाजू लागली : टक, टक, टक.

"लागली," दातांचे डॉक्टर म्हणाले.

पुन्हा सोडला. पुन्हा टक टक.

"तात्या, तुम्ही जरा बाहेर थांबा ना," काकू म्हणाल्या. "तुम्हाला बघूनच नाचतंय मेलं."

"अध्यक्ष हजर हवेत," सचिव म्हणाले. "नियम तात्यांचाच आहे."

"मग ओरडा त्याच्यावर! खेकसलात की शेपूट जाईल खाली. तुम्हाला काय, येतंच की."

सुनेचे डोळे भरले. "ओरडा हो तात्या, एकदाच. नाहीतर पाठवावं लागेल त्याला दुसऱ्या गावी."

तात्यांनी छाती भरून घेतली. या आवाजाने एकेकाळी बाजारपेठेची शटर खाली येत. वाटाणा मान वाकडी करून पाहत राहिला. तात्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

एव्हाना वाटाणा नेमका कोणत्या जातीचा, हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. टीपॉय तुमच्याकडेही आहे म्हणायचा.

"नापास," तात्या म्हणाले. "नाही ओरडता येत मला." गुडघे कुरकुरले तरी ते खाली बसले आणि वाटाण्याला मांडीवर घेतलं. "हा जाईल तिथे मीही जाईन. फार आवडतो हा मला. लिहून घ्या सचिव, फार."

तात्यांचा मुलगा दाराशी उभा होता. तो म्हणाला, "तात्या, एवढं ऐकायला मी कोणत्या जातीचा जन्माला यायला हवा होतो?"

तात्यांनी वाटाण्याच्या कानामागे खाजवलं. बराच वेळ खाजवलं.

"तूही आवडतोस," ते म्हणाले. "लहानपणापासून. आता हात दे आणि उठव मला."