आण्णांचा सरकता फोन

परशराम आण्णांनी नवा फोन घेतला, त्याचा खोका फोडला आणि सगळ्यात आधी त्याला फीलर गेज लावला.

फीलर गेज म्हणजे पोलादाच्या केसासारख्या पातळ पट्ट्यांचा जुडगा. यंत्राच्या दोन भागांमधली फट मोजायला तो वापरतात, फोनला कुणी लावत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या छोट्या कारखान्याचं स्टोअर आणि हजेरीपट, दोन्ही माझ्याकडे. स्टोअरमधून टाचणी बाहेर गेली तरी वहीत लिहिली जाते: काय, कुणी, कशासाठी, परत कधी. त्या दिवशी 'कशासाठी'च्या रकान्यात मला 'फोन' असं लिहावं लागलं.

"सहा थौ," आण्णा पट्टी उजेडात धरून म्हणाले. थौ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आण्णा टूलरूममधले फिटर आहेत, त्यांना याहून मोठं माप आवडत नाही. "बराबर हाय, म्याडम. तंबाखूची पूड आत गेली तरी अडकायचं न्हाय."

आण्णा तंबाखू खात नाहीत. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत.

फोन दिसायला झकास होता. वर बोटानं चालणारी काच, आणि काच अंगठ्यानं वर सारली की खालून बटणांची अख्खी फळी बाहेर. इंग्रजीचं प्रत्येक अक्षर स्वतंत्र बटणावर. जुन्या लाकडी पेन्सिलपेटीचं झाकण सरकायचं तसं ते सरकायचं, आणि शेवटी 'खट्' असा आवाज यायचा. हा आवाज आण्णांनी कारखान्यातल्या प्रत्येकाला डोळे मिटायला लावून ऐकवला. मला दोनदा.

तेव्हा काचेचे फोन नुकते आले होते. ज्याच्या हातात तसला फोन, तो दिवसभर धूळ पुसल्यासारखं बोट फिरवत असायचा. बटणं म्हणजे म्हाताऱ्यांचं काम, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आमच्या सुपरवायझरनं, बसवराजनं, असाच गुळगुळीत फोन घेतला होता. आण्णांचा फोन हातात घेऊन त्यानं तो चार वेळा उघडला आणि मिटला.

"आण्णा, हे काय री? फोन हाय का व्हॅनचं दार?"

"हसुलास कशाला रं? दार नसलं तर आत शिरणार कुठनं?"

"वजन तर बघा. खिशात घातला की चड्डी खाली येतीया."

"मग पट्टा बांध. आधी जॉब बगायचा, मग टूल काढायचं."

हे आण्णांचं ब्रह्मवाक्य. ज्याच्यावर काम करायचं ती वस्तू म्हणजे जॉब, ज्यानं करायचं ते टूल. आण्णांच्या मते जगातल्या सगळ्या भानगडी जॉब न बघता टूल काढल्यामुळे होतात. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं लोणच्यात भाताचा डाव घातला, तर आण्णा पानावरून हात उचलतात: "टूल चुकलं." कंग्राळीच्या त्यांच्या गल्लीत गणपतीला मोठा कर्णा आणला, तर यांनी टेप घेऊन गल्लीची रुंदी मोजली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, तर चिठ्ठी परत पुढं सरकवून विचारलं, "ह्यातली कुठली कुठल्या जॉबाची, तेवढं सांगा." डॉक्टरांनी सांगितलं. सांगेपर्यंत आण्णा उठले नाहीत.

खरी करमणूक फोन घेण्याआधीची. चार महिने आण्णांनी बेळगावातली फोनची दुकानं पालथी घातली. जाण्याआधी ते माझ्याकडून धातू चिकटवायच्या गोंदाची नळी घ्यायचे, दोन्ही अंगठे आणि चार बोटांच्या टोकांना गोंद लावून वाळवायचे. तसल्या मढलेल्या बोटांनी ते दुकानातली काच चोळत बसायचे. काच अर्थातच ढिम्म. शिवाय बगलेत एक सूप. हो, धान्य पाखडायचं. ते मांडीवर ठेवून, त्यात फोन ठेवून दुकानदाराला म्हणायचे, "आता ह्याच्यावर फोन लावा. आवाज बंद, निस्ता थरथरू दे."

एक दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, आधी बोटं धुऊन या."

"धुऊन जात असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो? जॉबच तसा हाय."

मी हे सगळं नोंदवत होते: गोंद, नळ्या चार, कारण 'बोटं'. फीलर गेज परत द्यायला आण्णा आले तेव्हा मी वही मिटली आणि सरळ विचारलं, "आण्णा, जॉब कोण आहे?"

त्यांनी गेज कापडानं पुसला. आधीच स्वच्छ होता, तरी पुसला.

"आमची आक्का हाय निपाणीला."

आक्का म्हणजे आण्णांची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले. आक्कानं चाळीस वर्षं विड्या वळल्या आणि त्यावर आण्णांना आयटीआयपर्यंत शिकवलं. लग्न तिनं केलं नाही. "वेळ कुठं हुता," एवढंच ती सांगते. आता एकटी राहते. ऐकू जवळजवळ येत नाही, त्यामुळे फोनवर बोलणं बंद. कंग्राळीला येऊन राहा म्हटलं तर "तिथं मला वळखतंय कोण?" साध्या फोनवर एका बटणात तीन-तीन अक्षरं, ते तिला जमेना. आणि वळून वळून तिची बोटं अशी झिजलेली की काचेला ती जाणवतच नाहीत. आण्णांना जायला मिळायचं महिन्यातून एखाद्या रविवारी. मधल्या दिवसांत ती उठली का, जेवली का, हे कळायची सोय नव्हती. मागच्या पावसाळ्यात ती चार दिवस तापानं पडून होती, ते आण्णांना पाचव्या दिवशी कळलं.

"एवढंच पायजे, म्याडम," आण्णा म्हणाले. "रोज एकदा तिच्याकडनं कायतरी यावं."

यादीचं काम निघालं की मी मागं राहत नाही. त्याच संध्याकाळी मी तक्ता केला. J म्हणजे जेवले. B म्हणजे बरी आहे. T म्हणजे ताप. Y म्हणजे ये. समोर चित्रं काढली, कागद प्लास्टिकमध्ये घातला. आण्णांनी दुकानदाराकडून अशी व्यवस्था करून घेतली की झाकण सरकवलं की थेट त्यांच्याच नावाचा मेसेज उघडेल. पाठवायच्या बटणावर लाल रंगाचा ठिपका दिला. रंग माझ्या स्टोअरमधला. नोंद आहे.

पुढच्या रविवारी मला कोल्हापूरला लग्न होतं. आण्णा म्हणाले, वाटेत निपाणीला उतरा, तक्ता तुम्हीच समजावून सांगा, माझं ती ऐकत न्हाय. मी उतरले. आण्णा आधीच येऊन थांबले होते. आक्काच्या दारातच त्यांच्या हातातला नवा फोन थरथरला आणि 'महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे' असा मेसेज आला. निपाणी कर्नाटकातली, पण सीमेलगतची; त्या बाजूला कधी इकडचा टॉवर लागतो, कधी तिकडचा.

"बगा," आण्णा म्हणाले, "एवढ्या वर्सांत पुढाऱ्यांना जमलं न्हाय, ते ह्यानं उंबऱ्यात केलं."

आक्का मांडीवर सूप घेऊन बसली होती. सुपात पानं, जर्दा, दोऱ्याची रिळं. पेन्शनीच्या वयातही हात रिकामा राहत नव्हता. तिनं फोन उलटापालटा केला, काचेवर बोट ठेवलं, दाबलं, परत दाबलं.

"परशा, ह्याला मी दिसत न्हाय रं."

आण्णांनी झाकण सरकवलं. खट्. तिनं एक बटण दाबलं. पडद्यावर अक्षर उमटलं. दुसरं दाबलं, दुसरं उमटलं.

"हे बरं हाय," ती म्हणाली. "म्हातारं दिसतंय, पण ऐकतंय."

मी तिच्या कानाशी मोठ्यानं बोलून तक्ता समजावला. तिनं मान डोलावली, माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि तक्ता डब्याखाली अंथरला.

सोमवारपासून आण्णा अकराच्या चहाला जुना फोन समोर ठेवून बसायला लागले. अकरा ही वेळ ठरलेली. सोमवारी काही आलं नाही. मंगळवारी नाही. बुधवारी फोन वाजला, आण्णांच्या हातातला कप पत्र्यावर आपटला. बघतात तर बसवराजनं गमतीनं नुसतं B पाठवलेलं. बसवराज मशीनमागं हसत उभा होता. आण्णांचा चेहरा बघून त्याचं हसणं थांबलं. त्यानंतर त्यानं व्हॅनचं दार हा विषय काढला नाही. गुरुवारी तर त्यानंच मला हळूच विचारलं, "आलं काय री, म्याडम?"

आलं नव्हतं. या खेपेला आण्णांनी आक्काच्या शेजारच्या दुकानदाराचा नंबर आणला होता; त्याच्याकडे चौकशी केली तर आक्का ठणठणीत होती, रोज दारात बसत होती. शनिवारपर्यंत आण्णांनी चहा पिणं सोडलं. रविवारी पहाटेच निघाले.

सोमवारी आले ते डोकं हलवतच. आक्का रोज मेसेज करत होती. लिहायची, बघायची आणि पुसून टाकायची.

"इचारलं, पाठवलं का न्हाईस? तर म्हणाली, नीट झालं न्हवतं, छाट धरतील." छाट म्हणजे विडीच्या कारखान्यात चेकर ज्या विड्या वाईट म्हणून बाजूला टाकतो त्या. "म्हटलं, आक्के, हितं चेकर न्हाय, मीच हाय. तर म्हणती, तू तर लई बारीक चेकर हायस."

यावर आमच्या कारखान्यात कुणी वाद घातला नाही.

त्याच दिवशी अकराला फोन वाजला. मेसेजमध्ये अक्षरांची नुसती रांग होती. कुठलंही अक्षर कशाहीपुढे. बसवराजनं वाकून वाचायचा प्रयत्न केला.

"आण्णा, हे मराठी न्हाय, कन्नड न्हाय, इंग्लिश पण न्हाय. तिन्हीत बसत न्हाय बघा."

आण्णा पेन्सिलीच्या टोकानं अक्षरं मोजत होते. "पंचवीस," ते म्हणाले, आणि परत मोजून परत म्हणाले, "पंचवीस. पुरा कट्टा बांधलाय तिनं."

विड्यांचा कट्टा पंचवीसचा असतो. माझा तक्ता, माझी चित्रं, J आणि B, सगळं डब्याखाली गेलं होतं. तिनं आपल्या हिशेबानं एक कट्टा भरून पोचता केला होता. आण्णांनी त्या दिवशी दोन चहा घेतले.

मग ते रोजचंच झालं. अकराला कट्टा यायचा, आण्णा मोजायचे, "पास" म्हणायचे आणि कामाला लागायचे. महिन्याभरानं एका बुधवारी ते स्टोअरच्या खिडकीशी आले.

"म्याडम, चोवीस आल्यात."

मी मोजले. चोवीसच होते. मी अर्धी रजा लिहीपर्यंत आण्णांची मोटारसायकल फाटकाबाहेर गेली होती.

दुसऱ्या दिवशी आले ते डबा घेऊन. डब्यात थालीपिठं. म्हटलं, काय झालं होतं?

"काय न्हाय. थालीपिठं करून दारात बसलीती. इचारलं, चोवीस कशानं? म्हणाली, कट्ट्यात एक कमी पडली की चेकर दारात येतोय. चाळीस वर्सं बगितलंय मी."

"अहो, पण तक्त्यात 'ये' होतं," मी म्हटलं. "ठळक लिहिलं होतं मी."

"ये म्हणायला तिला येत न्हाय, म्याडम. कदीच आलं न्हाय." त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "घ्या, कडक हुतील."

तेव्हापासून हजेरीपटात आण्णांच्या अर्ध्या रजा दिसू लागल्या, महिन्याला एक, कधी दोन. कारणाच्या रकान्यात मी आधी 'घरगुती' लिहीत होते. मग 'एक कमी' असं लिहायला लागले. मालकांनी एकदा बोट ठेवून अर्थ विचारला, तर माझ्याआधी बसवराजच म्हणाला, "जॉबच तसा हाय, सर."

एकदा असाच मधला वार होता. मेसेज आला. आण्णांनी मोजला, चष्मा पुसून परत मोजला, आणि खिडकीशी आले. हेल्मेट आधीच हातात होतं.

"म्याडम, तुम्ही मोजा जरा."

मी दोनदा मोजले. पंचवीस होते.

"पुरे हायत व्हय," आण्णा म्हणाले, आणि हेल्मेट परत खुंटीला अडकवायला गेले.