डब्ब्यातल्या राक्षसाचा जीव

"त्या डब्ब्यात जे काही हाय ना, थे सारं माह्या फळीवर हाय! अन् पंचवीस वर्षांपासून हाय!"

वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या मनकर्णाबाईंनी हे वाक्य भर नळावर, चार बाया आणि एक म्हैस साक्षीला ठेवून ठोकून दिलं. म्हैस सोडून सगळ्या हसल्या. बाईंनी घागर कमरेवर मारली आणि म्हणाल्या, "हसा! उद्या मीच हसतो का नाई पाह्यजा!"

आता ही फळी कोणती, ते सांगतो. बाईंच्या घराच्या समोरच्या खोलीत भाड्याच्या पुस्तकांचं वाचनालय होतं. सगळी पुस्तकं जादूची! राक्षस, चेटकिणी, बोलणारे घोडे. त्यातही 'नीलमहालाचे सात दरवाजे', भाग एक ते बारा, म्हणजे दागिनाच. त्यासाठी पोरांनी बाईंच्या ओट्यावर मारामाऱ्या केलेल्या.

आणि सत्त्याऐंशी साली काय झालं? पलीकडच्या गल्लीतल्या प्रेमदासनं नागपूरहून व्हिडिओ गेमच्या दोन मशिनी आणल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, गाद्यांत गुंडाळून, आणि गेमचं पार्लर थाटलं. झालं! आठवड्यात ओटा ओस पडला. पुस्तकांवर धूळ, धुळीवर मांजर, आणि मांजरीवर लक्ष्मणरावांचा डोळा. लक्ष्मणराव म्हणजे बाईंचे यजमान. त्यांचा पुतण्या सिमेंटचा धंदा करायचा, आणि त्याला पोती ठेवायला खोली हवी होती.

"दसऱ्यापावतर वाचक आले त ठीक," लक्ष्मणराव म्हणाले, "नाई त पुस्तकं रद्दीत अन् पोती खोलीत. कोण वाचते आता राक्षस-फिक्षस? मले त पयल्यापासून पटलंच नाई!"

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. आणि बाई जेवत नाहीत म्हणजे काय, हे नालवाडीत कोणालाही विचारा.

दुसऱ्या दिवशी हरिदास भेटला. हा बाईंचा जुना वाचक, कॉलेजात गेलेला, आणि आता पार्लरचा पहिल्या नंबरचा खेळाडू. बाईंनी त्याला रस्त्यातच धरलं.

"काऊन रे, काय हाय त्या डब्ब्यात येवढं?"

"काकू, एक राजकुमार हाय. मंग सात दरवाजे लागते. एक होडी भेटते, थे उचलली का पन्नास पॉइंट. पिंजऱ्यात पोपट हाय, त्याले उडवला का शंभर! पण शेवटच्या राक्षसापावतर कोणी पोचतच नाई. साऱ्या वर्ध्यात कोणी मारला नाई त्याले!"

बाईंचे डोळे असे मोठे झाले की हरिदास दोन पावलं मागे सरकला.

"गाढवा! पोपट उडवते का तू? तुले काय फुकट वाचू घातलं मी सारं?"

आता हा गेम बनवणाऱ्या जपानातल्या की कुठल्या माणसानं नालवाडीच्या फळीवरचं पुस्तक कधी वाचलं, असं तुम्ही विचाराल. विचारू नका. बाईंना विचारायची हिंमत कोणाची झाली नाही, तिथं माझी काय कथा!

तिथून बाई नळावर गेल्या, ते वाक्य ठोकून आल्या, आणि संध्याकाळी पार्लरात शिरल्या. सिगारेटी पटापट विझल्या. प्रेमदास गल्ल्यावरून उठून उभा राहिला.

"काकू, तुमी इकडे?"

"थो राक्षस मारला त काय देशीन?"

प्रेमदास हसला. "काकू, तुमी राक्षस मारला त दारावर पाटी लावतो. 'आधी काकूचं पुस्तक वाचा, मंग खेळा!' पुस्तक दाखवल्याबिगर कोणाले मशीनले हात लावू देत नाई!"

"अन् नाई मेला, त पुस्तकं मी सोता भेळवाल्याले नेऊन देईन."

हरिदासनं नाणं टाकलं. पडद्यावर राजकुमार उभा राहिला, आणि त्याचे तीन जीव वर चमकले.

बाईंनी मशिनीचा दांडा धरला तो थेट जात्याच्या खुंट्यासारखा, आणि गरगर फिरवला! राजकुमार भोवऱ्यासारखा फिरला आणि विहिरीत पडला.

"अवो काकू, दळण नाई दळून राह्यले!"

पहिला जीव गेला. पोट्टे फिदीफिदी हसले. बाईंनी पदर खोचला.

दुसऱ्या जीवाला नदी आली. "उचला काकू, होडी! पन्नास पॉइंट!"

"होडी? डोळे फुटले का? अंगठ्याचा खुंटा दिसत नाई? खडावा हायत त्या! उडत्या खडावा, भाग तिसरा!" बाईंनी राजकुमाराला त्या होडीवर नीट उभा केला, आणि तो भुर्रकन नदीपार! पोट्ट्यांची बोटं तोंडात गेली. दोन महिने ते तिथं दहातून नऊ वेळा बुडत होते.

पिंजरा आला. "उडवा काकू! शंभर!"

"खबरदार! राक्षसाचा जीव हाय त्याच्यात!" बाईंनी पिंजरा उचलला आणि लेकराला घ्यावं तसं राजकुमाराच्या कडेवर दिला.

मग सहाव्या दरवाज्यापाशी साप आला. फणा काढलेला, पडदाभर. "मारा काकू! मारा!" सगळे ओरडले. इथं खुद्द हरिदास रोज मरत होता.

पण नागाला मारायचं? मनकर्णाबाईंनी? त्यांचे दोन्ही हात आपोआप मशीनवरून निघाले आणि जोडले गेले. डोळेही मिटले. "बा नागोबा, आमी घरचेच हाओ. जाऊ दे बाप्पा."

हात सुटले म्हणून राजकुमार जागच्या जागी थांबला. साप जवळ आला, त्याच्याभोवती फिरला, आणि निमूट निघून गेला! जो हलेल त्यालाच चावायचा तो. आजवर कोणी हलायचं थांबलंच नव्हतं.

"आन् आमी त्याले मारून मारून मरून राह्यलो होतो बे!" हरिदास कपाळावर हात मारून खाली बसला.

इकडे एक पोट्टा चहाच्या टपरीवर धावला. तिथं लक्ष्मणराव बशीत चहा ओतत होते. "काका, चला! काकू डब्ब्याले हात जोडून, डोळे मिटून उभ्या हायत! नागोबाशी बोलून राह्यल्या! आता राक्षस येणार म्हणते!"

लक्ष्मणरावांच्या हातातली बशी पडली. बायकोच्या अंगात आलं! काल जेवली नाही, तेव्हाच ओळखायला हवं होतं! त्यांनी वाटेतूनच तानबा भगताला उचललं. तानबानं कडुनिंबाची डहाळी तोडली, अंगाऱ्याची पुडी काढली, आणि दोघं पार्लरात घुसले, नेमका सातवा दरवाजा उघडताना!

पडद्यावर राक्षस उभा. तानबानं तो पाहिला, गर्जना केली आणि मूठभर अंगारा फेकला. सगळी काच पांढरी!

"गेला!" तानबा म्हणाला. "दिसते का कुठं?"

"दिसत नाई म्हणजे गेला काय रे?" बाई कडाडल्या. मशिनीतून धाडकन आवाज आला. दुसरा जीव गेला होता.

"सोड माह्या बायकोले!" लक्ष्मणराव मशिनीवर ओरडले.

"अजी, मले कोणं धरलं? काच पुसा! धोतरानं पुसा!"

नवऱ्यानं सोगा धरला आणि काच पुसली. शेवटचा जीव, आणि राक्षस राजकुमाराच्या पाठीशी! बाई घाबरल्या. बटण कोणतं ते सुचेना. पंचवीस वर्षांची फळी भेळेच्या कागदात जाताना त्यांना डोळ्यांपुढे दिसली.

"अवं, मांगून येऊन राह्यला!" लक्ष्मणराव किंचाळले. "पोपट! पोपटाची मान मुरगाळ! थे लाल बटण दिसून राह्यलं, थे दाब!"

बाईंनी दाबलं. पोपटानं मान टाकली आणि राक्षस धप्पकन कोसळला! मशिनीतून असं गाणं सुरू झालं, जे वर्ध्यात आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

शिट्ट्या! टाळ्या! गणपतीतला उरलेला गुलाल कोणी तरी उधळला. तानबा ज्याला त्याला सांगत सुटला, "अंगाऱ्यानं मेला!"

बाई मात्र हळूच वळल्या. "अजी, पोपटाचं तुमाले कसं माहीत?"

लक्ष्मणराव धोतराचा सोगा झटकू लागले. "बाराव्या भागात हायच ना तसं…" आणि जीभ चावली.

"तुमाले त पयल्यापासून पटलंच नव्हतं!"

"म्हणजे… चौथा भाग नाई पटला."

पाटी लागली. दसऱ्याला ओट्यावर चपलांचा ढीग पडला, बारावा भाग मिळवायला पुन्हा मारामारी झाली, आणि पुतण्याचं सिमेंट गोठ्यात म्हशीशेजारी गेलं. बाईंना अख्खी नालवाडी वाट देऊ लागली. नळावर त्यांची घागर आपोआप पुढे सरकायची.

मग काय, बाईंनी नळावरच जाहीर केलं, "दुसऱ्या डब्ब्यातलंही सारं माह्या फळीवर हाय!"

दुसऱ्या डब्ब्यात मोटारींची शर्यत होती. पाहायला सारी गल्ली लोटली. बाईंनी पदर खोचला, चाक धरलं, आणि पहिल्याच वळणावर मोटार सरळ झाडावर! दुसऱ्यांदा झाडावर. तिसऱ्यांदा त्याच झाडावर.

"काच मळकी हाय!" बाई ओरडल्या. "अजी, पुसा!"

"आत्ताच पुसली मी," गर्दीतून लक्ष्मणरावांचा आवाज आला. "अवं, सायकल तरी येते का तुले?"