एकेचाळीस मंजूर वाक्ये

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मध्यवर्ती बाजाराच्या सूचनाफलकावर परिपत्रक क्रमांक ११४ लावण्यात आले. ते उलटे लागले होते. टाचण्या चारच होत्या आणि चारही ठोकून झाल्या होत्या, म्हणून ते तसेच राहू देण्यात आले. अकरा वाजेपर्यंत बाजारातल्या चौऱ्याऐंशी गाळेधारकांनी माना वाकड्या करून ते वाचले. मजकूर असा होता : सर्व गाळेधारकांनी तीस दिवसांत खरेदी-विक्रीपुरती युक्रेनियन भाषा आत्मसात करावी. प्रमाणपत्र सादर न करणाऱ्यांच्या परवान्याचे नूतनीकरण होणार नाही.

गाळा क्रमांक सतरा बटणांचा आहे. बटणे, दोरे, चेन, हुक, लेस. तो एक काकू सव्वीस वर्षे चालवतात. आधी नवऱ्याबरोबर, नंतर एकट्या. घरात दुसरी मिळकत नाही. काकूंच्या परवान्याची मुदत बरोबर तिसाव्या दिवशी संपत होती. त्यांनी परिपत्रक दोनदा वाचले, मान दुसऱ्या बाजूला वाकडी करून तिसऱ्यांदा वाचले आणि शिपायाला विचारले, "हे खरंच आपल्यालाच आहे का रे? पत्ता चुकला नाही ना?"

"शिक्का आपलाच आहे, काकू," शिपाई म्हणाला.

परिपत्रकामागची पार्श्वभूमी कार्यालयाच्या नोंदींत उपलब्ध आहे. बाजाराच्या दारात तक्रार व सूचना पेटी आहे. गेल्या नऊ वर्षांत तिच्यातून बसची तिकिटे, औषधाची पाकिटे आणि एकदा अर्धे केळे निघाले. गेल्या महिन्यात मात्र तिच्यातून चार ओळींची हस्तलिखित चिठ्ठी निघाली. अक्षरे अनोळखी होती. कारकुनाने फोनवर पाहून ती युक्रेनियन असल्याचा निर्वाळा दिला. त्याच फोनवर भाषांतरही झाले असते. पण वाचलेल्या तक्रारीचे निवारण सात दिवसांत करावे लागते, असा नियम आहे. न वाचलेल्या तक्रारीला मुदत नाही. म्हणून व्यवस्थापक साहेबांनी चिठ्ठी न वाचताच तिच्यावर कार्यवाही करण्याचा निर्णय घेतला. ज्या अर्थी ग्राहकाने आपल्या भाषेत लिहिले, त्या अर्थी बाजारात ती भाषा कोणाला येत नाही हीच तक्रार असणार, असा निष्कर्ष निघाला. तो एकमताने निघाला, कारण बैठकीला ते एकटेच होते.

बाजारात येणारी युक्रेनियन ग्राहक एकच होती. शेजारच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या या बाईंना सगळे निळ्या पिशवीवाल्या बाई म्हणत.

"अगं, पण ती तर आपल्याच भाषेत बोलते," काकू घरी सुनेला म्हणाल्या. "परवा म्हणाली, 'काकू, मेलं एक बटण मिळत नाही कुठे!' मेलं म्हणाली, मेलं! तुला तरी येतं का असं बोलायला?"

"आई, ती काय बोलते याचा परिपत्रकाशी काही संबंध नाही," सून म्हणाली. ती एका कचेरीत सहा महिने काम करून सुटली होती, त्यामुळे तिला या गोष्टी कळत. "तुम्ही पाठ करा. म्हणा, दोब्री देन."

"दोब्री देन."

"म्हणजे नमस्कार."

"मग नमस्कार म्हणते की! ती पण नमस्कारच म्हणते."

"आई!"

"बरं बाई, दोब्री देन."

प्रशिक्षणाचे कंत्राट सर्वांत कमी दराच्या निविदेला मिळाले. ती टायपिंगच्या निवृत्त मास्तरांची होती. मास्तरांना युक्रेनियन येत नव्हते, पण निविदेत तशी अट नव्हती. त्यांनी पर्यटकांसाठीची एक पुस्तिका मिळवली, तिच्यातले 'बाजारात' हे प्रकरण टंकलिखित केले आणि कार्यालयाकडून एकेचाळीस वाक्ये मंजूर करून घेतली. वर्ग रोज दुपारी दोन ते तीन भरू लागला. मास्तर विद्यार्थ्यांच्या एक धडा पुढे असत, बुधवारी अर्धाच.

चौथ्या दिवशी कुलूपवाल्याने हात वर केला.

"मास्तर, वाक्य तीन. स्कील्की कोश्तुये. म्हणजे 'हे केवढ्याला?' बरोबर?"

"अगदी बरोबर. उच्चार सुंदर."

"पण दुकान माझं. कुलूप माझं. मी कुणाला विचारू केवढ्याला?"

मास्तरांनी पाने चाळली. वाक्य चार : हे महाग आहे. वाक्य पाच : जरा कमी करता का? वाक्य नऊ : मी नुसती पाहते आहे. वाक्य बारा : पिशवी नको. पर्यटकांच्या पुस्तिकेत पर्यटकांचीच वाक्ये होती. एकेचाळीसच्या एकेचाळीस गिऱ्हाइकाची.

"विक्रेत्यांची वाक्यं दुसऱ्या भागात असतील," मास्तर म्हणाले.

"दुसरा भाग कुठंय?"

"प्रस्तावित आहे."

"मग तोपर्यंत मी माझ्याच दुकानात गिऱ्हाईक?"

"मंजूर वाक्यांत बदल करायचा अधिकार मला नाही," मास्तरांनी सांगितले आणि वाक्य सहा घेतले.

लेखी परीक्षा झाली. सगळे पास झाले, कारण मास्तरांनी उत्तरपत्रिकाही टंकलिखित करून वाटल्या होत्या. राहिले प्रात्यक्षिक. प्रत्येक गाळेधारकाने अस्सल युक्रेनियन ग्राहकाशी मंजूर वाक्यांतून एक व्यवहार पूर्ण करून दाखवायचा होता. अस्सल ग्राहक एकच असल्याने निळ्या पिशवीवाल्या बाईंचे वेळापत्रक बनवण्यात आले. दिवसाला सहा गाळे, रविवारी आठ. बाईंनी नकार दिला असता, पण मग या सगळ्यांची दुकाने जातील असे त्यांना सांगण्यात आले, आणि त्या भिडस्त होत्या.

पहिला मान कुलूपवाल्याला मिळाला. निरीक्षक घड्याळ घेऊन उभे होते. कुलूपवाल्याने स्वतःचे कुलूप बाईंपुढे धरले आणि विचारले, "स्कील्की कोश्तुये?"

बाई गोंधळल्या. मग त्यांनी अंदाजाने एक आकडा सांगितला.

"दोरोहो," कुलूपवाला म्हणाला. म्हणजे महाग आहे. बाईंनी आकडा कमी केला. "देशेव्शे मोझ्ना?" म्हणजे आणखी कमी करता का? बाईंनी आणखी कमी केला. कुलूपवाल्याला घाम फुटला होता, पण त्याला हो म्हणण्याचे वाक्य तिसाव्या क्रमांकाचे होते आणि ते काही केल्या आठवेना. त्याने पुन्हा एकदा घासाघीस केली. शेवटी खरेदीच्या निम्म्या किमतीत त्याने कुलूप विकले आणि कपाळ पुसत "द्याकुयु", म्हणजे आभारी आहे, असे म्हणाला. निरीक्षकांनी शेरा मारला : 'ग्राहकहिताची जाण उत्तम. उत्तीर्ण.'

ही बातमी बाजारात पसरली. बादलीवाल्याने चार पायऱ्यांत भाव उतरवून बादली दिली. घड्याळवाल्याने भिंतीवरचे घड्याळ दिले, वर किल्ली दिली. एरवी "एकच भाव" अशी पाटी लावून बसणारे लोक स्वतःच्याच मालाला महाग महाग म्हणत होते. नेहमीच्या गिऱ्हाइकांना युक्रेनियन कळत नव्हते, पण दुकानदाराचा चेहरा कळत होता. तीही शिकली आणि तीच वाक्ये फेकू लागली. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत बाईंकडे सात कुलुपे, पाच बादल्या, तीन घड्याळे आणि उंदराचे दोन पिंजरे जमले होते. त्यांना हवे होते ते मात्र मिळाले नव्हते : कोटाचे एक काळे बटण, चार भोकांचे.

ते काकूंनी शोधून ठेवले होते. घाऊक बाजारात मिळाले नाही, म्हणून शेवटी स्वतःच्या जुन्या कोटाचे उसवून आणले होते.

एकोणतिसाव्या दिवशी अकरा चाळीसला बाई सतराव्या गाळ्यापाशी आल्या. "काकू, मिळालं का हो माझं बटण?"

काकूंचा चेहरा उजळला. "मिळालं तर! हे बघ..."

"मंजूर भाषेत," निरीक्षक म्हणाले.

काकूंनी श्वास घेतला. "दोब्री देन. स्कील्की कोश्तुये?"

"मला काय माहीत? दुकान तुमचं."

काकूंना पुढचे आठवेना. जे आठवले ते त्या म्हणून गेल्या, "या प्रोस्तो दिव्ल्युस्या." म्हणजे मी नुसती पाहते आहे. बाई इतक्या हसल्या की त्यांना स्टूल द्यावे लागले. मग डोळे पुसत म्हणाल्या, "काकू, असं नको. तो कुलूपवाला कसा बुडाला मी पाहिलंय. ही वाक्यं गिऱ्हाइकाची आहेत ना? मग तुम्ही इकडे या. मी तिकडे बसते."

फळी उचलून दोघींनी जागा बदलल्या. मग व्यवहार सरळ झाला. काकूंनी भाव विचारला, बाईंनी योग्य भाव सांगितला. काकू सवयीने महाग म्हणाल्या, बाईंनी मान हलवली. "पाकेत पोत्रीबेन?" पिशवी हवी का? "ने पोत्रीबेन," काकू ठसक्यात म्हणाल्या. बटण घेतले, पैसे दिले, द्याकुयु म्हटले. एकही वाक्य चुकले नाही. शेजारच्या गाळ्यांतून टाळ्या पडल्या. गोष्ट इथे संपली असती, पण निरीक्षक लिहीत होते.

शेरा असा आला : 'भाषा उत्कृष्ट. तथापि परवानाधारक महिला गाळ्याबाहेर आढळल्या. गाळ्यात परवाना नसलेली व्यक्ती विक्री करताना आढळली. सबब परस्पर पोटभाड्याचा गुन्हा. मुद्देमाल : काळे बटण, एक. लाखबंद करून जप्त.'

तिसाव्या दिवशी सकाळी साडेदहाला सुनावणी झाली. काकू, सून आणि निळ्या पिशवीवाल्या बाई हजर होत्या.

"साहेब, बटण माझं, कोट माझा, दुकान माझं," काकू म्हणाल्या. "पोटभाडं कुणी कुणाला दिलं?"

"तेच तपासायचं आहे," व्यवस्थापक साहेब म्हणाले. मग अनायासे जाणकार समोर आहेत हे पाहून त्यांनी फायलीतली ती मूळ चिठ्ठी काढली. "बाई, ही आपलीच तक्रार ना? जरा वाचून दाखवा."

बाईंनी चिठ्ठी पाहिली. "कांदे. साबण. पांढरा दोरा. काळं बटण, चार भोकांचं, एक." त्यांनी चिठ्ठी खाली ठेवली. "ही माझी सामानाची यादी आहे. बाजार आटोपला, टाकून दिली."

"तक्रार पेटीत?"

"ती कचऱ्याची नाही? सगळे त्यातच टाकतात."

कारकून खिडकीबाहेर पाहू लागला. साहेब मात्र डगमगले नाहीत. यादीतली कोणती वस्तू मिळाली नाही, असे त्यांनी विचारले. बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, बटण. साहेबांनी लिहून घेतले : तक्रार वाचण्यात आली आहे, ती काळे बटण न मिळाल्याबद्दल असून बाजारातील एकमेव बटण विक्रेत्या, गाळा क्रमांक सतरा, यांच्याविरुद्ध आहे. निवारण सात दिवसांत करावे. बटण तक्रारदारास दिल्याशिवाय परवान्याचा विचार होणार नाही.

"मग द्या की ते बटण! तुमच्याच कपाटात आहे," सून ओरडली.

"तो दुसऱ्या प्रकरणातला मुद्देमाल आहे," साहेब म्हणाले. "त्याला हात लावता येत नाही."

"मी दुसरं शोधते," काकू म्हणाल्या.

"अवश्य. फक्त परवान्याशिवाय विकता येणार नाही."

हा मजकूर छपाईला जाईपर्यंतची स्थिती अशी : सात दिवसांपैकी पाच उलटले आहेत. सतरावा गाळा बंद आहे. काकू दाराशी स्टूल टाकून बसतात, येणाऱ्यांना दुसरीकडे बटणे कुठे मिळतील ते फुकट सांगतात. निळ्या पिशवीवाल्या बाई रोज शाळा सुटल्यावर बिनबटणाच्या कोटात येऊन त्यांच्याशेजारी बसतात, उंदराच्या एका पिंजऱ्यावर.

काल परिपत्रक क्रमांक ११५ लागले आहे, तेही उलटे. दुकानदार ग्राहकाची वाक्ये शिकल्यामुळे निर्माण झालेला असमतोल दूर करण्यासाठी सर्व ग्राहकांनी युक्रेनियनमधून विक्रेत्याची वाक्ये शिकावीत, त्याशिवाय बाजारात प्रवेश मिळणार नाही, असे त्यात म्हटले आहे. नोंदणी अर्जात शेवटचा रकाना 'हरकत असल्यास कारण' असा आहे. आज दुपारपर्यंत चारशे बारा ग्राहकांनी माना वाकड्या करून परिपत्रक वाचले आणि रांगेत उभे राहून सह्या केल्या. शेवटचा रकाना चारशे बारा ठिकाणी कोरा आहे. यादी आडनावांच्या क्रमाने लावली असून दाराशी पाहायला मिळते. आपलीही सही तीत आहे; अक्षर कोणालाही ओळखता येईल.