सरकार बटणावर बसले त्या मोहिमेची हकीगत

वणवे विझविणाऱ्या दलाच्या समस्त थोरलहान मंडळींस विदित व्हावे जे, डोंगराचा धूर दुरून सर्वांनीच पाहिला, परंतु धुराच्या पोटात काय जाहले ते ज्याने त्याने तिखटमीठ लावून सांगितले, कोणी म्हणे हेलिकॉप्टर आले, कोणी म्हणे आभाळ फाटून पाऊस आला, आणि खरे पाहता दोहोंपैकी काहीच आले नाही. सबब खरा मजकूर एकवार लिहून ठेवावा, म्हणजे चहाच्या टपरीवर बाता मारणारांस जरब बसेल, या हेतूने ही हकीगत लिहिली असे.

दलाचे मुख्य अधिकारी यांस समोर साहेब आणि पाठीमागे सरकार म्हणत. देह भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त, आणि कमरेस वॉकीटॉकी लटकावून चालू लागले म्हणजे जंगलातील ससेही सावधान उभे राहात. सरंजामखान्याचा, म्हणजे पाईप, पंप, पालापाचोळा उडविणारे ब्लोअर, हेल्मेटे आणि वॉकीटॉक्या यांचा, कारभार दारोगाबाईंकडे होता. त्या सरकारांच्या सख्ख्या मेहुणी. परंतु नात्याची भीड त्या एका वॉशरपुरतीही ठेवीत नसत. कोणी नवी बॅटरी मागितली तर आधी जुनी दाखवावी लागे, आणि कोणी पाना मागितला तर त्यास कारण विचारून, ते कारण ऐकून, मग नाही म्हणून सांगत.

आता वॉकीटॉकीचा धर्म ऐसा की, बटण दाबावे आणि बोलावे, बटण सोडावे आणि ऐकावे. कामाचे चॅनेल एकच. एकाने बटण दाबून धरिले म्हणजे बाकी सर्व मुके, आणि ज्याने दाबिले तो बहिरा. चॅनेल अडल्यास सर्वांनी राखीव चॅनेलवर जावे ऐसा सरकारांचाच सक्त हुकूम होता, मात्र जाण्याची आज्ञा मुख्य चॅनेलवरूनच यावी असेही त्याच हुकुमात लिहिले होते. या मसलतीतील खोच तोवर कोणाच्या ध्यानी आली नव्हती.

त्या दिवशी दुपारी गनीम, म्हणजे वणवा, डोंगराच्या पश्चिम अंगावर चालून आला, आणि मुकादम आपल्यासह आठ असामी घेऊन घळीच्या तोंडाशी मोर्चा बांधून उभे राहिले, आणि झुडपे तोडून, पाला ओढून, आगीस आडवा पट्टा काढू लागले. सरकारांची खाशी स्वारी घाटाच्या वळणावर जीपमध्ये होती. तेथे घरून ताईसाहेबांचा, म्हणजे सरकारांच्या पत्नीचा आणि दारोगाबाईंच्या थोरल्या बहिणीचा, फोन आला, आणि सरकारांनी तो स्पीकरवर टाकून नीट मागे रेलून आसन जमविले, आणि कमरेची वॉकीटॉकी घसरून आसनाखाली गेली, आणि बटण दबले.

मग साऱ्या मुलुखात, ठाण्यांवर, गाड्यांत, मनोऱ्यावर आणि डोंगरमाथ्यावर, पुढील मजकूर एकाच वेळी ऐकू आला.

"अगं, पण देऊन टाकण्याआधी विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर दिली असतीत?"

"व्यायामाची सायकल होती ती! मी उद्यापासून सुरू करणारच होतो."

"त्या सायकलवर शेवटचं बसलं कोण, सांगू? तुमचा ओला टॉवेल."

फौजेत हशा पिकला. डोंगरावर लोक कुऱ्हाडी टेकून ऐकू लागले. कोणी सरकारांची बाजू घेतली, ते एकटे पडले.

इतक्यात टेहळणीच्या मनोऱ्यावरील नजरबाजांचा फोन सरंजामखान्यात आला की, वारा फिरतो आहे, घटकाभरात आग घळीतून वर चढेल आणि मुकादमांची माणसे नेमकी तिच्या तोंडी सापडतील, करिता त्यांस ताबडतोब जळून गेलेल्या काळ्या भागात न्यावे, कारण जे एकदा जळाले ते पुन्हा जळत नाही. दारोगाबाईंनी बटण दाबिले, तर चॅनेलवर टॉवेल. मुकादमांस मोबाइल लाविला, तर डोंगरावर रेंज नाही. सरकारांस लाविला, तर अर्थातच व्यस्त. मोटारसायकलस्वार घाटाकडे पिटाळला, परंतु वारा काही मोटारसायकलीसाठी थांबत नाही. आठांपैकी प्रत्येकाचे हेल्मेट बाईंनी स्वहस्ते डोक्याच्या मापाने दिलेले.

तेव्हा त्यांस सरकारांच्या घरचा लँडलाइन आठवला, ज्यावर कित्येक काळ राँग नंबरखेरीज कोणी आले नव्हते. तो त्यांनी फिरविला. ताईसाहेबांनी एका कानास पतीचे भांडण तसेच ठेवून, त्या फोनच्या तोंडावर हात दाबून, दुसऱ्या कानास बहीण लाविली.

"ताई, ठेवू नकोस. भाऊजी वॉकीटॉकीवर बसलेत."

"कशावर बसलेत?"

"तुमचं भांडण सगळं दल ऐकतंय."

"सगळं?"

"टॉवेलसकट."

मग बहिणीने घळीतील माणसांवरचे संकट सांगताच ताईसाहेबांनी लाज बाजूस सारिली, आणि पतीस उठण्याविषयी फर्माविले.

"अहो, उठा बघू जरा."

"का उठू? दर वेळी मीच उठून जातो. आज नाही उठणार!"

"अहो, तुमच्या खाली यंत्र आहे."

"विषय बदलू नकोस!"

सरकार ऐसे इरेस पडलेले संसारात कोणी पाहिले नव्हते, आणि पडले ते नेमके त्या दिवशी. दारोगाबाईंनी कपाळास हात लाविला, आणि तोच हात खाली येतायेता त्यांस अक्कल सुचली की, साऱ्या मुलुखात डोंगरापर्यंत पोहोचणारी जागा आज एकच, ती म्हणजे सरकारांची जीप, आणि त्या जीपमध्ये सरकारांखेरीज आणखी एक आवाज आहे.

"ताई, राहू दे त्यांना. तूच सांग. तू बोलशील ते डोंगरावर जातंय."

ताईसाहेबांनी पुसिले की सामान बरोबर घेऊ द्यायचे काय. नवा ब्लोअर त्याच आठवड्यात आला होता, आणि बाईंनी त्यास अद्याप फडक्याने पुसणे सोडिले नव्हते. तरी त्या म्हणाल्या, "टाकू दे म्हणावं. सगळं टाकू दे."

मग ताईसाहेबांनी आवाज चढविला.

"डोंगरावरच्या सगळ्यांनी ऐका! वारा फिरतोय. हातातलं टाका आणि काळ्या भागात जाऊन उभे राहा. तो नवा ब्लोअरसुद्धा टाका. वळून बघत बसू नका. निघालात का? निघा म्हटलं ना!"

"कुठे निघू?" सरकार बोलिले. "कोणता डोंगर? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" आणि ते शंकित होऊन अर्धे उठू लागले, आणि चॅनेल खरखरले. आता उलटाच पेच पडला. मघाशी उठत नव्हते म्हणून अनर्थ, आता उठले तर अनर्थ. कारण डोंगरावर पुरते ऐकू गेले की नाही हे कोणास ठाऊक? मुकादमांस उत्तर देता येत नव्हते. ताईसाहेबांनी अखेरचे अस्त्र काढिले.

"तुम्ही बसा! सायकल परत मागवते."

सरकार सर्व वजनानिशी बसले.

मग तोच हुकूम पुन्हा सुटला, आणि पुन्हा, आणि सरकार मध्ये मध्ये "परत म्हणजे नक्की ना?" ऐसे विचारीत राहिले, आणि दारोगाबाई एक फोन बहिणीचा आणि एक मनोऱ्याचा ऐसे दोन कानांस धरून उभ्या राहिल्या. मनोऱ्यावरून नजरबाज दुर्बिणीतून एकेक हेल्मेट सांगू लागले. सहा निघाले. सातवा निघाला. आठवा, म्हणजे खुद्द मुकादम, ब्लोअर खांद्यावर घेऊन दोन पावले चालले, थबकले, आणि तो पालापाचोळ्यात टाकून जे धावले ते काळ्या भागातच थांबले. त्यामागोमाग वारा फिरला, आणि घळीतून आगीचा लोळ उठला, आणि जेथे मोर्चा होता तेथे झाडाच्या उंचीचा जाळ उभा राहिला, आणि खाण्यास काही न उरल्याने माथ्यावर जाऊन विझून बसला.

मोटारसायकलस्वार तेव्हा पोहोचला आणि त्याने सरकारांस सन्मानपूर्वक उठविले. चॅनेल मोकळे होताच प्रथम मुकादमांचा आवाज आला की आठही जण सलामत, पापण्या मात्र थोड्या भाजल्या. सरकारांनी यंत्र हाती घेतले, त्याकडे पाहिले, आपल्या आसनाकडे पाहिले, आणि सर्व उमजून घसा साफ केला.

"मोर्चा सोडण्याचा हुकूम कोणी दिला?"

दारोगाबाई बोलिल्या.

"घरून आला, साहेब."

सरकारांनी आपले आसन एकवार चाचपले आणि बटण दाबिले.

"मग बरोबरच असेल."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. माणसे आठ गेली, आठ आली. नवा ब्लोअर खर्ची पडला. मुकादमांनी सरंजामखान्याच्या दारात त्याची बातमी देण्यास तोंड उघडिले, तो दारोगाबाईंनी त्यांचे हेल्मेट काढून डोके दोन्ही बाजूंनी तपासले, पापण्यांखेरीज कोठे भाजले नाही याची खात्री केली, आणि कोणता ब्लोअर म्हणून विचारिले. बाईंचा हा प्रश्न या हकीगतीत मुद्दाम नोंदविला असे, कारण पुढे कोणाचा विश्वास बसणार नाही.